फोटोतली इमारत मागे का झुकते?

शाळेची सहल मुंबई पाहून परतली की दुसऱ्या दिवशी वर्गात फोटोंची देवाणघेवाण सुरू होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्यासमोरची महानगरपालिकेची इमारत, राजाबाई टॉवर, गेटवे. यातले आठ-दहा फोटो छापून फळ्याजवळ ओळीने लावा आणि मुलांना एकच गोष्ट पाहायला सांगा : इमारतींच्या उभ्या कडा. गवंड्याने ओळंबा लावून उभ्या केलेल्या भिंती फोटोत मात्र वर जाता जाता एकमेकींकडे कललेल्या दिसतील. काही फोटोंत तर अख्खी इमारत मागे रेलून बसल्यासारखी वाटेल. असे का झाले, हे विचारले तर ठरावीक उत्तरे येतात. "सर, फोन स्वस्तातला आहे." "बाई, माझा हात हलला." यातले एकही कारण खरे नाही. लाखभर रुपयांचा कॅमेरा घट्ट तिकाटण्यावर बसवला, तरी तो त्याच जागेवरून तसाच रोखला तर इमारत तितकीच झुकेल.

मोठ्या शहरात पायी भटकावे, जुन्या-नव्या इमारती आणि रस्त्यावरची ये-जा टिपावी, हा छंद आता प्रत्येकाच्या खिशात आला आहे. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरावा लागे, तो विचार आज कुणी करत नाही. पण फोटो काढणे सोपे झाले म्हणून वाचणे सोपे झाले असे नाही. इतिहासाच्या पुस्तकात, वर्तमानपत्रात, कधी न्यायालयातही आपण फोटो पुरावा म्हणून धरतो. तो पुरावा नेमका कशाचा? फोटो पहिल्यांदा सांगतो ते कॅमेरा कुठे उभा होता, कोणत्या दिशेला रोखलेला होता आणि त्याची झडप किती वेळ उघडी होती, हे. समोर काय होते हे त्यानंतर, या तिन्ही गोष्टी कळल्या तरच नीट कळते. इमारतीच्या झुकण्यापासूनच सुरुवात करू.

वीस मीटरवरून, साठ मीटरवरून

समजा, तुमच्यासमोर ३० मीटर उंच आणि १० मीटर रुंद अशी सपाट दर्शनी भिंत आहे. तुम्ही समोरच्या फुटपाथवर, भिंतीपासून २० मीटरवर उभे आहात. फोन डोळ्यांसमोर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, उभा आणि अगदी ताठ धरला आहे. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा लांब बाजूने सुमारे ७० अंशांचा भाग टिपतो, म्हणजे मध्यापासून वर ३५ आणि खाली ३५. तेव्हा २० मीटरवरच्या भिंतीचा साधारण १५ मीटर उंचीपर्यंतचाच भाग चौकटीत येईल. निम्मी इमारत बाहेर राहिली! मग आपण काय करतो? फोन मागे कलवून त्याचे तोंड वर करतो. झुकण्याचे मूळ या एका कृतीत आहे.

कोणत्याही कॅमेऱ्यात, अगदी पुठ्ठ्याच्या सूचिछिद्र कॅमेऱ्यातही, वस्तूची प्रतिमा किती मोठी येणार हे वस्तूच्या 'खोली'वर ठरते. ही खोली कॅमेरा ज्या दिशेला रोखला आहे त्या दिशेने मोजायची असते. ती वस्तूपर्यंतच्या तिरप्या अंतराइतकी नसते. फोन ताठ असताना भिंत आणि फोनमधला संवेदक एकमेकांना समांतर असतात, म्हणून भिंतीचा पायथा आणि माथा दोन्ही सारख्याच, २० मीटर खोलीवर असतात. गंमत अशी, की माथा तुमच्यापासून सरळ रेषेत जवळजवळ ३५ मीटर दूर आहे आणि तरीही तो फोटोत लहान होत नाही. माथ्याकडून येणारा किरण संवेदकावर तिरपा पडतो, त्यामुळे प्रतिमा ताणली जाते आणि हा ताण दुरून आल्याचा तोटा बरोबर भरून काढतो. फळ्यावर समरूप त्रिकोण काढून हे दाखवता येईल.

आता फोन ३० अंश वर कलवा. आता खोली नव्या दिशेने मोजायची. दहावीच्या विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीचे हे चांगले उदाहरण आहे : २० ला कोसाइन ३० ने गुणा आणि त्यात, तो बिंदू कॅमेऱ्यापेक्षा जितका उंच असेल त्या उंचीचा साइन ३० पट मिळवा. पायथा कॅमेऱ्यापेक्षा दीड मीटर खाली आहे, म्हणून त्याची खोली १७.३ उणे ०.७५, म्हणजे सुमारे १६.६ मीटर. माथा २८.५ मीटर वर आहे, म्हणून त्याची खोली १७.३ अधिक १४.२५, म्हणजे सुमारे ३१.६ मीटर. माथा जवळजवळ दुप्पट खोल गेला. फोटोत पायथा १० सेंटिमीटर रुंद छापला, तर माथा जेमतेम सव्वापाच सेंटिमीटर भरेल. आयताचा समलंब चौकोन झाला. यात हात हलण्याचा किंवा फोनच्या किमतीचा काही संबंध नाही.

आता त्याच भिंतीपासून ६० मीटर मागे जा. माथा आता क्षितिजापासून फक्त २५ अंश वर आहे. फोन ताठ धरूनही पूर्ण इमारत चौकटीत बसते आणि कडा समांतर येतात. ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेला उभे राहिलात तर ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवरही असा सरळ टिपता येतो. त्याच्या पायथ्याशी उभे राहून ते जमणार नाही. मात्र ताठ धरलेल्या फोटोचा जवळजवळ अर्धा भाग समोरच्या गवताने किंवा डांबराने व्यापलेला असतो. तो कापून टाकला की काम झाले. जुने वास्तुछायाचित्रकार हेच वेगळ्या रीतीने करत. त्यांच्या लाकडी कॅमेऱ्यात मागची काच ताठच राही आणि भिंग तेवढे वर सरकवता येई. म्हणजे नको असलेली जमीन आपोआप बाहेर जाई आणि इमारतीचा माथा आत येई. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निकॉन कंपनीने असे सरकणारे भिंग लहान कॅमेऱ्यासाठीही काढले. आज फोनमध्येच कललेल्या कडा सरळ करण्याची सोय असते. ती घाईच्या वेळी उपयोगी आहे, पण त्यात वरच्या भागातले मुळातच कमी असलेले बिंदू ताणून रुंद केले जातात. दाखवण्यापुरते ठीक. माथ्यावरची नक्षी पाहायची असेल तर मागे जाणे किंवा समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चढणे याला पर्याय नाही.

मग प्रश्न उरतो, प्रत्यक्षात मान वर करून पाहताना इमारत अशी झुकलेली का दिसत नाही? डोळ्याच्या पडद्यावरची प्रतिमाही तशी निमुळतीच असते. पण मान किती कलली आहे हे मेंदूला ठाऊक असते आणि तो त्याचा हिशेब करून घेतो. फोटो पाहताना मात्र आपण मान ताठ ठेवून, कागद समोर धरून पाहतो. काढताना मान वर, पाहताना मान सरळ. हा विरोध डोळ्यांना खटकतो. रेल्वेचे रूळ दूर जाताना जवळ येतात ते आपल्याला खटकत नाही, कारण रस्ता सरळ पाहायचीच आपल्याला सवय आहे.

याचा एक सुंदर पडताळा घेता येतो. वर सांगितल्याप्रमाणे ३० अंश कलवून काढलेला एखादा फोटो मोठा, निदान ४५ सेंटिमीटर उंचीचा छापून घ्या. तो डोक्याच्या वर, फोन जसा कललेला होता तसा धरा आणि एक डोळा मिटून खालून पाहा. डोळा आणि कागद यांतले अंतर कागदाच्या उंचीच्या सुमारे पाऊणपट ठेवा. योग्य जागा सापडली की झुकलेली इमारत हळूहळू ताठ होते. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांना करू द्या.

भिंगाला दोष देण्यापूर्वी

किरण तिरपा पडला की प्रतिमा ताणली जाते, हे वर आले. सपाट भिंतीच्या बाबतीत हा ताण उपकारक ठरतो. पण गोल वस्तूंचे काय? शाळेचा वर्गफोटो जवळून, फोनच्या अतिरुंद भिंगाने काढला तर दोन्ही टोकांना उभी असलेली मुले गुबगुबीत दिसतात आणि त्यावरून त्यांची थट्टा होते. मध्यापासून ५० अंशांवर असलेला चेंडू फोटोत लांबट होतो. त्याची लांबी रुंदीच्या दीडपटीहून अधिक भरते. चेहऱ्याचेही तसेच. चार पावले मागे जाऊन साध्या भिंगाने फोटो काढला की थट्टेचे कारणच उरत नाही.

याच्याच जोडीला एक गैरसमज फार पसरलेला आहे. रुंद भिंग अंतरे वाढवते आणि दूरचे भिंग, म्हणजे टेलिफोटो, अंतरे दाबून टाकते असे छायाचित्रणाच्या पुस्तकांतही लिहिलेले असते. खरे म्हणजे जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या किती पट मोठी दिसणार हे फक्त तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरते. एका जागेवरून, हाताने हलू न देता, एक फोटो साध्या भिंगाने आणि दुसरा तिप्पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने काढा. पहिल्या फोटोचा मधला भाग कापून दुसऱ्याएवढा मोठा करा. स्पष्टता कमी-जास्त असेल, पण खांबामागे खांब, माणसामागे माणूस अगदी तसेच येतील.

रस्त्यावर याचा परिणाम किती मोठा होतो ते पाहा. दोन माणसे एकमेकांपासून दोन मीटरवर, एकामागे एक चालली आहेत. तुम्ही पहिल्यापासून ३ मीटरवर असाल तर मागचा ५ मीटरवर असेल, म्हणजे पुढचा मागच्याच्या १.७ पट मोठा दिसेल आणि दोघांमधली मोकळी जागा स्पष्ट जाणवेल. तुम्ही ५० मीटर दूर गेलात तर ५० आणि ५२ यांत फरक तो कितीसा? दोघे एकाच मापाचे, जणू एकमेकांना चिकटलेले दिसतील. २०२०च्या एप्रिल महिन्यात, करोनाच्या साथीत, माणसे अंतर पाळत आहेत की नाहीत यावर जगभर वाद चालू होता. तेव्हा कोपनहेगनमधल्या वृत्तछायाचित्रकारांनी एकाच ठिकाणची, एकाच वेळची माणसे जवळून आणि दुरून टिपून शेजारी शेजारी दाखवली. एका फोटोत शिस्तीत उभे असलेले लोक, दुसऱ्यात बेफिकीर गर्दी! दोन्ही फोटो अस्सल होते. दादरच्या बाजारातल्या दिवाळीच्या गर्दीचा फोटो वर्तमानपत्रात येतो, तेव्हाही 'फोटो किती दुरून काढला असेल?' हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे.

क्षितिजाची रेषा

कॅमेरा ताठ ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे आणि गणिताच्या शिक्षकांना तो विशेष आवडेल. सपाट जमिनीवर, पाणसळीत धरलेल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत क्षितिजाची रेषा प्रत्येक वस्तूला एकाच उंचीवर छेदते. ती उंची म्हणजे कॅमेऱ्याची उंची. दीड मीटरवरून काढलेल्या रस्त्याच्या फोटोत जवळचा माणूस कितीही मोठा असो आणि दूरचा कितीही छोटा असो, मोठ्या माणसांचे डोळे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात. कुठलाही रस्त्याचा फोटो काढून खात्री करून घ्या. तोच रस्ता सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपला तर मोठ्यांची डोकी या रेषेच्या पुष्कळ वर जातात. आपण ज्याला 'मुलाच्या नजरेतून' म्हणतो, त्यात इतके साधे गणित असते.

या रेषेच्या मदतीने, अंतर न मोजता, एका फोटोवरून इमारतीची उंची काढता येते. क्षितिज दिसत नसेल तर फुटपाथची कड आणि सज्जांच्या आडव्या रेषा वाढवून त्या जिथे मिळतात तो बिंदू शोधा. त्यातून जाणारी आडवी रेषा हेच क्षितिज. समजा छापील फोटोत भिंतीच्या पायथ्यापासून या रेषेपर्यंतचे अंतर ६ मिलिमीटर आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे १२० मिलिमीटर भरले. गुणोत्तर २०. कॅमेरा दीड मीटरवर होता, म्हणून इमारत ३० मीटर. फोटो किती मोठा छापला, किती कापला, याने उत्तर बदलत नाही.

मात्र येथे चूक किती होऊ शकते हेही मुलांकडून काढून घ्यावे. ६ मिलिमीटर मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर उत्तर सुमारे ८ टक्क्यांनी, म्हणजे दोन-अडीच मीटरने हलते. तेच समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून, ६ मीटर उंचीवरून फोटो काढला तर ६ ऐवजी २४ मिलिमीटर मोजावे लागतील आणि चूक दोन टक्क्यांवर येईल. उंच जागा शोधण्याचे हे दुसरे कारण.

हा केवळ शाळेतला खेळ नाही. १८५८ साली आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर नावाचा तरुण जर्मन वास्तुतज्ज्ञ वेट्झलार गावच्या मोठ्या चर्चची मापे घेत होता. मापे घेण्यासाठी इमारतीवर उंच चढावे लागे. असेच काम करताना तो पडता पडता वाचला. भिंतीवर लोंबकळत मापे घेण्याऐवजी खाली उभे राहून फोटो काढावेत आणि मापे फोटोवरून घ्यावीत, हा विचार त्याला तिथून सुचला. त्याने यासाठी खास कॅमेरे बनवले. १८८५ साली बर्लिनमध्ये प्रशियाच्या सरकारने त्याच्या हाताखाली अशी मापनचित्रे काढणारी संस्थाच उभारली. महत्त्वाच्या इमारतींचे हजारो फोटो काचेवर साठवले गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावानंतर काही इमारती पुन्हा उभ्या करताना ते उपयोगी पडले. कॅमेरा कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेने होता याची नोंद केलेली नसती तर तेच फोटो नुसते सुंदर देखावे ठरले असते.

ऊन कोणत्या भिंतीवर

जागेनंतर प्रकाशाकडे वळू. ओव्हल मैदान हे प्रकाशाचे वेळापत्रक शिकवायला उत्तम ठिकाण आहे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर आणि मुंबई विद्यापीठाच्या एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक शैलीच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. त्यांची तोंडे पश्चिमेला, मैदानाकडे. समोर, पश्चिमेच्या बाजूला, विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारतींची रांग आहे. त्यांची तोंडे पूर्वेला. या दोन रांगांसह परिसरातल्या अशा इमारतींच्या समूहाला २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सकाळी मैदानात उभे राहिले तर आर्ट डेकोचे गोलाकार सज्जे उजळतात आणि राजाबाई टॉवर नुसती काळपट आकृती दिसतो. दुपारी तीननंतर पाळी उलटते. टर्मिनसची दर्शनी बाजूही पश्चिमेकडे आहे, म्हणून सकाळच्या गाडीने उतरून लगेच काढलेले तिचे फोटो सपाट येतात.

ऊन भिंतीला जितके लगटून येईल तितकी नक्षी उठून दिसते. १० सेंटिमीटर पुढे आलेल्या दगडी पट्ट्यावर ऊन भिंतीशी १५ अंशांचा कोन करून आले तर सावली सुमारे ३७ सेंटिमीटर लांब पडते. ६० अंशांनी आले तर जेमतेम ६. टर्मिनसवरच्या पानाफुलांच्या आणि प्राण्यांच्या कोरीव कामात मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जे. जे.च्या, विद्यार्थ्यांचा हात होता. ते काम पाहायचे तर ऊन भिंतीवर समोरून पडण्याआधीची, ते नुकतेच भिंतीवर सरकू लागलेली वेळ गाठावी.

आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतींचे काय? त्यांच्यावर ऊन कधीच येत नाही, असे युरोपातली पुस्तके सांगतील. मुंबई मात्र साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारीसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो. जूनमध्ये तो थेट पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो. तेव्हा उत्तरेकडच्या भिंतींनाही तिरपे ऊन मिळते. पण या काळात आभाळ बहुधा भरलेले, म्हणून मेअखेरचे आठ-दहा दिवसच काय ते हाती लागतात.

रिकामा रस्ता खरोखर रिकामा होता का?

फोर्टमधल्या दादाभाई नौरोजी रस्त्याने चाला. इमारतींच्या तळमजल्यावर कमानींच्या पडव्या आहेत. ऊन-पावसापासून पादचाऱ्यांना आडोसा म्हणून त्या बांधल्या गेल्या. बाहेर कडक ऊन आणि आत गडद सावली, यांचा मेळ एका फोटोत बसवणे कठीण. बाहेरचे नीट आले तर आतले विक्रेते काळे होतात आणि आतले नीट आले तर रस्ता पांढरा फटक. आजचे फोन यावर उपाय म्हणून भराभर अनेक फोटो काढून त्यांची गोळाबेरीज करतात. त्यामुळे हल्लीच्या फोटोत 'एक क्षण' नसतो, अनेक क्षणांचा मेळ असतो. मध्येच कुणी चालत गेला तर त्याचा पाय दोन ठिकाणी पुसट उमटतो, तो यामुळेच.

रस्त्याच्या फोटोत काळ असा सगळीकडे लपलेला असतो. पादचारी सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. झडप एक साठांश सेकंद उघडी राहिली तर तेवढ्यात तो दोन सेंटिमीटर सरकतो. १० मीटरवरून काढलेल्या, ४००० बिंदू रुंदीच्या फोटोत ही सरक सहा बिंदूंची होते, एवढी पुसटता नजरेत फारशी भरत नाही. ताशी ३६ किलोमीटरने आडवी जाणारी मोटरसायकल मात्र तेवढ्या वेळात ४८ बिंदू पुसली जाते. तीच समोरून तुमच्याकडे येत असेल तर जवळजवळ स्पष्ट येते, म्हणून रस्ता टिपायला वळणाची जागा चांगली. लोकलच्या खिडकीशी बसून काढलेल्या फोटोत रुळांलगतचे खांब तिरपे होतात, हाही काळाचाच प्रताप. बहुतेक फोनचा संवेदक चित्र एकदम न टिपता एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ओळीओळीने टिपतो आणि तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. हे झुकणे आणि इमारतीचे झुकणे दिसायला भावंडे, पण कारणे अगदी वेगळी.

आता फार जुन्या एका रस्त्याकडे पाहू. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर याने खिडकीतून बुलेव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे चित्र चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर टिपले. रस्ता रहदारीचा. पण चित्रात एकही गाडी नाही, घोडा नाही, गर्दी नाही. कोपऱ्यात एक माणूस तेवढा दिसतो. तो बूट पॉलिश करून घेत एक पाय वर ठेवून उभा आहे. पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्यात जे हलले ते पुसले गेले आणि बुटांमुळे थबकलेला माणूस राहिला. छायाचित्रात उमटलेल्या पहिल्या माणसांपैकी तो एक मानला जातो. त्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. तेव्हाच्या ओल्या काचांनाही बहुधा काही सेकंद तरी प्रकाश द्यावा लागे. त्या काळातल्या मुंबईच्या रस्त्यांचे फोटो पाहून 'किती शांत, मोकळे शहर होते' असे आपण म्हणतो, तेव्हा थोडे थांबावे. जवळून पाहिले तर जमिनीलगत धुरकट पट्टे दिसतात. तीच पुसली गेलेली माणसे. इतिहासाच्या तासाला असा फोटो दाखवताना हे पट्टे शोधायला सांगावेत.

उमटणाऱ्या माणसांविषयीही दोन शब्द. रस्त्यावरचा माणूस देखाव्याचा भाग नसतो. चेहरा ओळखू येईल इतक्या जवळून फोटो काढायचा असेल तर "काका, एक फोटो काढू का?" एवढे विचारायला काही लागत नाही. नाही म्हटले तर पुढे चालावे. न्यायालये, पोलीस ठाणी, संरक्षण खात्याच्या जागा येथे आधी परवानगी घ्यावी. विद्यार्थ्यांची तुकडी नेणार असाल तर रेल्वे स्थानकातही.

फोटोमागे काय लिहावे

१८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, आता फोर्ट हे नाव तेवढे उरले आहे. गिरणगावातल्या कितीतरी चिमण्या गेल्या. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. २०२० नंतर त्यांतल्या अनेक पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहू लागल्या. आपापल्या गावातही एखादा वाडा, बाजारपेठेतली लाकडी खांबांची दुकाने, जुनी शाळा अशीच जाण्याच्या वाटेवर असेल. त्यांचे फोटो पुष्कळ निघतात, पण त्यांवरून खोलीची उंची किती, जिना किती रुंद, सामाईक गॅलरीतून दोन माणसे शेजारून जाऊ शकत होती का, हे पुढे कुणाला सांगता येणार नाही. राहणारे लोक तर तोवर पांगलेले असतील.

असे काम वर्गाने हाती घेतले तर प्रत्येक फोटोबरोबर पुढील नोंद ठेवावी : तारीख आणि वेळ, कॅमेरा भिंतीपासून किती मीटरवर, जमिनीपासून किती उंचीवर, तोंड कोणत्या दिशेला, भिंग साधे की रुंद. जागा अशी निवडावी की पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला ती पुन्हा सापडेल. 'गेटसमोर' असे न लिहिता 'गेटच्या डाव्या खांबापासून रस्त्यापलीकडे १२ मीटर, विजेच्या खांबाला टेकून' असे लिहावे. फोन ताठ आहे ना हे पाहायला दोऱ्याला खडा बांधून केलेला ओळंबा पुरतो. चाळीच्या चौकात मागे जायला जागा नसते, तेव्हा समोरच्या गॅलरीतून परवानगी घेऊन मजल्यामजल्यागणिक एकेक फोटो काढावा, शेजारचे फोटो एकमेकांवर निम्मे तरी येतील असे पाहावे आणि प्रत्येक फोटोत भिंतीला टेकवलेली एक मीटरची पट्टी दिसू द्यावी. पट्टी धरणारा विद्यार्थीही फोटोत आला तर येऊ द्या. मात्र त्याची उंची नोंदवून ठेवा.